निळ्या बॅगेचं तोंड

नवऱ्याला जाऊन हा दुसरा हिवाळा. त्याचे कपडे देऊन झाले, पुस्तकं मी ठेवून घेतली. पाठीवरची निळी वॉटरप्रूफ बॅग कुणाला द्यावी हे मात्र ठरत नाही.

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आलो, त्याच सुमारास दिल्लीच्या दुकानांत परदेशी वस्तू उघडपणे मिळू लागल्या. तोवर ऑफिसच्या मित्रांबरोबर गढवालात डोंगर चढायला जाताना तो पाठीवर लष्करी कापडाची जुनी थैली, पिठ्ठू, न्यायचा, आणि कपडे दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बांधायचा. अशाच एका दुकानातून आणलेल्या या निळ्या बॅगेचं कापड रबरासारखं होतं. तिला चेन नव्हती. तोंड तीनदा घट्ट गुंडाळायचं आणि बकल लावायचं, एवढंच. त्याला खरं वाटेना. त्याने आत वर्तमानपत्रं भरून बॅग न्हाणीघरातल्या पिंपात बुडवली, वर पाटा ठेवला. अर्ध्या तासाने पेपर काढून तो वाचत बसला.

"कालचा आहे," मी म्हटलं.

"पण कोरडा आहे."

त्या दिवाळीत मी पहिल्यांदा त्याच्या आणि मित्रांच्या बरोबर गढवालात गेले. आम्हा दोघांचे लोकरीचे कपडे त्या एका बॅगेत होते आणि ती त्याच्या पाठीवर असे. दिवाळीच्या दिवशी सकाळी, तो चहाला गेला असताना, मी माझ्या पिशवीत लपवून आणलेला बेसनलाडवांचा डबा बॅगेत वर बसवला. संध्याकाळी गावात पोचल्यावर सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवायचा असं मनात होतं. फराळाशिवाय दिवाळी मला सुचतच नव्हती. डब्यामुळे तोंड एकदाच गुंडाळलं गेलं. बकल लागलं, म्हणून झालं असं मला वाटलं.

दुपारी ओढा ओलांडताना आडव्या टाकलेल्या लाकडावरून त्याचा पाय घसरला आणि तो पाठीवर पाण्यात पडला. वाटाड्या वयस्क गढवाली होता. त्याने हात देऊन नवऱ्याला वर खेचलं. ऊन डोंगराआड गेलं होतं, वारा सुटला होता, गाव दोन तासांवर, आणि मित्रांचं सामान खेचरावर पुढे गेलेलं.

"साहब, सूखा पहनो. अभी," वाटाड्या म्हणाला.

बॅग उघडली तर आत पाणी. स्वेटर भिजून जड झालेले, वर डबा. त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्या यार, इम्पोर्टेड माल भी सरकारी निकला?" एक मित्र म्हणाला.

"बंद मैंने किया था. जल्दी में." त्याचे दात वाजत होते.

मी बोलायला तोंड उघडलं. तो मराठीत म्हणाला, "आधी तुझा स्वेटर दे."

अंगातला स्वेटर काढून मी शाल गुंडाळून घेतली. त्याच्या कोपरापर्यंतच बाह्या पोचल्या. वाटाड्याने स्वतःचं घोंगडं त्याच्यावर टाकलं आणि मला बजावलं, बसू द्यायचं नाही, बोलतं ठेवायचं. काय बोलावं सुचेना. मी त्याला आर. के. पुरमपासून त्याच्या ऑफिसपर्यंतचे बसस्टॉप विचारले. तो सांगू लागला. शब्द जड येत होते. एक स्टॉप चुकला की मी परत पहिल्यापासून सांगायला लावी. एकदा एका स्टॉपपाशी तो अडला, तेव्हा मी त्याचा दंड धरून हलवला. मग तो हळूच म्हणाला, "तिथे आता बस थांबत नाही," आणि पुढचा स्टॉप सांगितला.

गावात चुलीपुढे बसवल्यावरही चहाचा पेला वाटाड्यालाच धरावा लागला. तासाभराने ओठांवर रंग आला. मित्र लाडू खात त्याच्या बॅगेची टर उडवत होते. तोही हसत होता.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगून काही वाळलं असतं का?"

मला वाटलं होतं, यापुढे बॅगेला तो मला हात लावू देणार नाही. त्याच्या जागी मी असते तर दिला नसता. पुढच्या वर्षी निघायच्या सकाळी त्याने भरलेली बॅग माझ्यापुढे ठेवली. "बंद कर," म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून बुटांच्या नाड्या बांधायला बसला. मी तोंड गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बकल लावून, तो तपासून बघेल म्हणून थांबले. त्याने पट्ट्यांत हात घातले आणि उठून उभा राहिला.

"चलो," म्हणाला.