परड्याकडची खिडकी

जेवण झालंय, भांडी पालथी पडलीत, आणि शरयू शिलाई मशीनशेजारी चटईवर नुसती पाठ टेकते. झोपायचं नाही, असं ठरवूनच. पण डोळे मिटले तरी खिडकीतला उजेड पापण्यांवर तांबूस पडून राहतो, आणि त्या तांबूस उजेडात सकाळचं बोलणं पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

सकाळी शेजारचा मल्लू आला होता. दारातच उभा राहिला, चहाही नको म्हणाला.

"काकू, थोरलीची बारावी हाय औंदा. तिला आमच्या मागल्या परड्यात एक खोली काढतोय. पण भिंत तुमच्या खिडकीम्होरं येतीय." मग खाली बघत म्हणाला, "आईनं तुम्हाला शब्द दिलता. ती असती तर तिला विचारलं असतं. आता तुम्हालाच विचारतोय. तुम्ही नको म्हणालासा तर न्हाई बांधत."

"संध्याकाळी सांगते," एवढंच शरयू म्हणाली.

गडहिंग्लजच्या या बोळात घरं एकमेकांना खेटून उभी. शरयू लग्न होऊन आली तेव्हा या मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे. ब्लाउज शिवायचे तर ती उंबऱ्यावर बसायची, निम्मी घरात, निम्मी रस्त्यात. येणारे-जाणारे तिचे पाय चुकवत जायचे. एकदा काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं टीप घालताना मल्लूच्या आईनं, गौराक्कानं, तिला पाहिलं. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या परड्याकडची भिंत फोड आणि खिडकी काढ." दुसऱ्याच्या जागेत खिडकी उघडली म्हणून कोर्टात गेलेली माणसं याच बोळात होती. गौराक्काचे दीर तणतणले. ती हलली नाही. "मी हाय तवर तिच्या उजेडाला कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाली.

गौराक्काला जाऊन आता वर्ष होत आलंय. त्या खिडकीनं शरयूचं घर चाललं, दोन पोरं शिकली. गौराक्काच्याच लेकाला नको म्हणायला जीभ रेटत नाही. हो म्हणावं तर पुन्हा अंधार.

पापण्यांवरचा तांबूस उजेड हलतो. कुणीतरी आड आलंय.

"झोपलीस व्हय गं?"

खिडकीत गौराक्का बसलीय. इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, पाय आत सोडलेले. खिडकीला गज आहेत हे शरयूला आठवतं. गज दिसत नाहीत, आणि त्यात काही चुकलंय असंही वाटत नाही.

"नाही अक्का. पडले होते जरा."

"मग हात दे. गुडघं धरल्यात."

अजून? असं विचारावंसं वाटतं, पण शरयू मुकाट्यानं हात देते. गौराक्काचा हात उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा गरम आहे. ती खाली उतरते, आणि पायाखाली फरशी नाही, परड्यातली माती आहे. शेवग्याची बारीक पानं दोघींच्या खांद्यांवर पडतायत. मशीन तिथंच आहे, मातीत पाय रोवून.

दोघी चालतात, तोच आठवड्याचा बाजार लागतो. कापडवाल्याच्या पालाखाली माणूस गजानं काहीतरी मोजतोय. गजावरून पिवळंधमक ऊन घरंगळतं आणि त्याच्या मांडीवर घडी होऊन पडतं. गौराक्का दोन बोटांत धरून त्याचा पोत बघते.

"बरं हाय," म्हणते आणि पुढं निघते.

शरयू तिच्या पदराला धरून थांबवते. "अक्का, आमच्या घरातला उजेड तुम्ही दिलात."

"माझा कुठं हुता द्यायला? त्यो आपला येतच हुता. मी फकस्त आडवी आले न्हाई."

"तेवढं तरी कोण करतं?"

आणि शरयू सांगत सुटते. त्या उजेडात किती नवऱ्या मुलींचे ब्लाउज शिवले ते. धाकटीला गोवर आला, तर अंगावरचा पुरळ त्याच खिडकीशी पहिल्यांदा दिसला ते. सकाळी ऊन मशीनच्या चाकावर यायचं आणि चाक फिरलं की छतावर पाखरासारखं उडायचं, पोरं त्याला पकडायला हात वर करायची, तेही. गौराक्का मान हलवत ऐकते, माहेरची खुशाली ऐकावी तशी.

"मला ठावं न्हवतं की ह्ये समदं," ती म्हणते. "चांगलं झालं."

आता बाजार उरलेला नाही. समोर नवी भिंत आहे, ओल्या सिमेंटची, करडी, हात लांब केला की लागेल इतकी जवळ. शरयूच्या पाठीमागं तिची खोली काळोखी झालीय.

"अक्का, ही भिंत."

"नात शिकतीया माझी. तिनं उंबऱ्यावर बसून अभ्यास करायचा काय?"

शरयूला तिची ती जुनी जागा आठवते, निम्मी घरात, निम्मी रस्त्यात.

"नाही," ती म्हणते. "तसं नको."

"मग ये हिकडं. धर."

गौराक्कासमोर चुन्याची बादली आहे. ती कुंचला बुडवते आणि भिंतीवर वरून खाली ओढते. जिथं पांढरं होतं तिथं वरचं ऊन उतरतं, भिंतीला लागतं आणि माघारी फिरून शरयूच्या तोंडावर येतं. कुंचला एकच आहे. शरयू पंजाच बादलीत घालते आणि हातानं भिंत सारवायला लागते. कडेकोपऱ्यांत बोटं घालते. मागं खोलीत मशीन दिसायला लागतं, मग देवाची फळी, मग दोऱ्यांच्या रिळांचे रंगसुद्धा.

"पहिल्याएवढा येणार न्हाई," गौराक्का म्हणते, "पर यील."

"पुरेल अक्का."

"आन् काळं कापड सकाळच्या पारी शिवत जा. तुझंबी वय झालं आता."

शरयू हसते. हसता हसता बघते, तर कुंचला भिंतीला टेकून ठेवलेला आणि शेवग्याची पानं पडतायत.

"काकू."

दारात मल्लू उभा आहे. ऊन कलतं झालंय. शरयू उठून बसते, पदर सावरते. आता जड काहीच वाटत नाही.

"बांध बाबा," ती म्हणते. "पोरीची खोली बांध. तेवढी माझ्या बाजूची भिंत पांढरी ठेव. चुन्याची."

मल्लूचे खांदे सैल पडतात. "दरसाल मीच मारतो चुना, काकू. दुसऱ्या कुणाला सांगत न्हाई."

"बस. चहा टाकते."

कपाळावरचे केस मागं सारायला ती हात वर करते, तसा तो विचारतो, "हाताला काय लागलंय?"

शरयू तळवा समोर धरते. रेषारेषांत पांढरं वाळून तडकलंय, नखांत गच्च बसलंय, आणि बोटांची कातडी चरचरतेय.

"चुना," ती म्हणते. "तुझ्याच भिंतीचा."