माझे साडू आणि तीन निर्दोष सेन्सर

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही गोष्ट माझ्या साडूंनी अजून पूर्णपणे मान्य केलेली नाही, कारण त्यांनी ती स्वतः मोजलेली नाही. शाळेत मास्तरांनी सांगितलं, पुस्तकात छापून आलं, म्हणून तात्पुरतं चालवून घेतलंय, इतकंच. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबलमधले बिघाड शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि त्या तीस वर्षांत "फोन बंद आहे" असं सांगणाऱ्या एकाही माणसावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. "माणूस सांगतो ते त्याचं मत," ते म्हणत, "मीटर सांगतं ती बातमी." हे मीटर म्हणजे व्होल्ट, ओहम वगैरे मोजणारं, दोन वायरी लोंबणारं पिवळं मल्टिमीटर. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्याला उरलेल्या खणाचं कव्हर शिवून दिलं होतं. तिची पर्सही त्याच खणाची होती. लग्नकार्यात दोघं शेजारी बसली की बायकांना त्यात फार प्रेम दिसे. प्रत्यक्षात साडूंचं लक्ष मांडवातल्या माइकच्या खरखरीकडे असे.

एकदा पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घराची बेल वाजेना. दुसरा कोणी असता तर त्यानं दार ठोठावलं असतं. साडू वीस मिनिटं बाहेर उभे राहून बेल दुरुस्त करत होते आणि आत आम्ही पानं वाढून त्यांची वाट बघत होतो. अखेर बेल वाजली. मी दार उघडलं, तर मलाच म्हणाले, "किती वेळ हो दार उघडायला?" ताप आला की ते डॉक्टरांना आधी स्वतःला थर्मामीटर लावून दाखवायला सांगत. "तुमचा आकडा बरोबर निघाला, तर माझ्या तापाचं बोलू." बाजारात भाजी घेण्यापूर्वी तराजूत स्वतःच्या खिशातलं शंभर ग्रॅमचं वजन टाकून बघत. पुढे पुढे त्यांना लांबून येताना पाहिलं की भेंडीच्या ढिगाआडूनच भाजीवाला ओरडे, "अंकल, आज भिंडी नहीं है!"

मग खात्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि साडूंनी ती घेतली. तीत स्वेच्छा किती होती, हे मात्र त्यांनी मोजलं नाही. त्याच सुमारास जो तो मोबाइल घेऊन फिरू लागला. ज्याला वायरच नाही, त्याच्यातला बिघाड शोधणार कुठे? मोरवा गावातल्या आपल्या घरी बसून ते मिक्सर उघडू लागले. ताईला तो चालू हवा होता, साडूंना तो समजून घ्यायचा होता. दोन-तीन वर्षांत त्या घरात चटणी पाट्यावर वाटली जाऊ लागली.

मी जुनी गाडी घेतली ती याच काळात. पहिले तीन महिने तिनं चांगली वागणूक दिली. मग एक दिवस समोरचा नारिंगी दिवा लागला, तापमानाचा काटा एकदम तळाला जाऊन बसला, आणि गाडी काळा धूर सोडत पाण्यासारखं पेट्रोल पिऊ लागली. किल्ली फिरवल्याबरोबर रेडिएटरचा पंखा सुरू होई, तो थांबायचं नाव नाही. गरम झालेली गाडी एकदा बंद पडली की परत चालू होईना. आणि दोन दिवसांनी हे सगळं आपोआप बरं होई. मुर्ध्याच्या रस्त्यावर एकाचं गॅरेज होतं. तो तिथलाच, पिढीजात गाववाला, बोलायला गोड. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं न घातलं तोच म्हणाला, "साहेब, इंजिन किती गरम हाय ते सांगनारा शेन्सर गेलाय. त्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बर्फात हाय, म्हणून तो पेट्रोल ओततोय. दुसरा इलाज न्हाय." सेन्सर बदलला. पंधरा दिवसांनी तेच. तो म्हणाला, नवा माल डुप्लिकेट निघाला. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. तेव्हा त्यानं हळहळत सांगितलं की आता गाडीचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल.

साडूंना मी यातलं अक्षर कळू दिलं नव्हतं. नवं इंजिन बसवलेलं परवडलं, पण त्यांची ती नजर नको. पण एका साखरपुड्याला आम्ही सगळे निघालो असताना गाडी भर चौकात बंद पडली. मागच्या सीटवरून साडूंचा शांत आवाज आला, "काय झालंय?"

"सेन्सर," मी म्हणालो. "म्हणजे आता कॉम्प्युटर. सोमवारी ऑर्डर देतोय."

"कोण म्हणतं?"

"मेकॅनिक."

"मेकॅनिक काय म्हणतो ते कळलं. गाडी काय म्हणते?"

साखरपुड्याला आम्ही रिक्षांनी गेलो.

रविवारी सकाळी ते मीटर, थर्मामीटर आणि थर्मास घेऊन हजर झाले. एक गोष्ट सांगायला हवी, या माणसाला गाडी चालवता येत नाही. ब्रेक कुठला हेही नक्की सांगता येईल की नाही, शंका आहे. पण त्यांनी आधी जुने दोन्ही सेन्सर मागितले. मग गाडीतला तिसरा काढायला लावला आणि तिघांना आमच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर चढवलं. पाणी तापेल तसा सेन्सरचा विजेला होणारा विरोध कमी व्हायला हवा, असं म्हणून ते एकेकाला मीटर लावत होते. "आकडा वाचा," ते मला म्हणाले. मी वाचत गेलो. अडीच हजार ओहम, बाराशे, सहाशे, तीनशे. तिघांचेही आकडे जवळपास सारखेच उतरले. साडूंनी गॅस बंद केला.

"तिघंही निर्दोष," ते म्हणाले. "दोघांना तुम्ही चौकशीशिवाय फाशी दिलीत."

बायकोनं नवीन पातेलं मागितलं, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

खाली येऊन त्यांनी सेन्सरच्या रिकाम्या जोडणीत मीटर लावलं. मी वाचलं, पाच व्होल्ट. म्हणजे कॉम्प्युटरकडून वीज येतेय. मग जोडणीतल्या दोन्ही पिना त्यांनी वायरच्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. मी आत बसून काट्याकडे बघत होतो. काटा सरसरत वर टोकाला गेला. "कॉम्प्युटर शहाणा आहे," साडू म्हणाले. "सोमवारची ऑर्डर रद्द. आता उरली वायर. हा तुकडा तसाच राहू दे. मी वायर हलवत जातो, तुम्ही काटा बघून बोलत राहा."

मग बॉनेटखालून त्यांचा आवाज येऊ लागला, थेट तीस वर्षांपूर्वीचा, खड्ड्यात उतरून केबल तपासतानाचा असावा तसा. "बोला!"

"आहे."

"बोला!"

"आहे. आहे. अहो, आहे!"

दुपार झाली. जेवण झालं. सोसायटीतली माणसं येऊन सल्ले देऊन गेली. चारच्या सुमाराला मी पेंगत असताना काटा धाडकन खाली आला. "गेला!" मी ओरडलो.

मी बाहेर येऊन बघतो तर साडूंनी डोळे मिटले होते. बॅटरीच्या मागच्या पत्र्याशी घासणारी वायर त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात होती आणि ते ती जपमाळेसारखी चोळत होते. "इथे मऊ लागतेय," ते म्हणाले. "आतली तार तुटलीय. वरून काही दिसणार नाही." ब्लेडनं मी वरचं प्लास्टिक कापलं. आत तांब्याचा हिरवा भुगा झाला होता. जवळच्या खाडीवरचा खारा वारा गाडीच्या पोटापर्यंत पोचला होता. एकच बारीक तार कशीबशी तग धरून होती. ती टेकली की गाडी बरी, सुटली की आजारी.

"बघा, केवढा हिरवा झालाय," मी भुगा त्यांच्यापुढे धरला.

ते माझ्या तळहाताच्या जरा डावीकडे बघत "हो हो" म्हणाले.

तेव्हा कुठे मला सकाळपासूनचं सगळं उमगलं. आकडे मी वाचत होतो. ब्लेड माझ्या हातात होतं. ज्या माणसानं डॉक्टरांच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवला नाही, तो दिवसभर माझ्या शब्दावर चालला होता. डाग देतानाही त्यांनी सोल्डर अंदाजानंच लावलं, बोटं दोनदा भाजून घेतली.

"किती दिसतं?" मी हळूच विचारलं.

ते बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. "उजेड दिसतो. माणसं आवाजावरून कळतात. हिला सांगू नका. कळलं की मीटर कपाटात जाईल."

मी शब्द दिला आणि संध्याकाळचा चहा संपायच्या आत मोडला. मी बायकोला सांगितलं, तिनं ताईला. पुढच्याच आठवड्यात साडूंच्या डोळ्यांची तपासणी झाली. दोन्हीकडे पिकलेला मोतीबिंदू. त्यांनी डॉक्टरांना "तुमचं मशिन शेवटचं कधी तपासलंत?" असं विचारून घेतलं, पण ते नुसतं सवयीनं. एकामागून एक दोन्ही ऑपरेशनं झाली. मी दवाखान्यात गेलो की ते भिंतीकडे तोंड करत. अडीच महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गाडी या काळात एकदाही बिघडली नाही, आणि मला त्याचा आनंद होईना.

मग एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर साडू खाली माझ्या गाडीपाशी उभे. मी किल्ली घेऊन धावत उतरलो. बॉनेट उघडलं. त्यांनी वाकून टेप सोडली आणि आतला जोड पाहिला. सोल्डरचा एक ओबडधोबड गोळा तिथे बसला होता.

"हे कोणी केलं?" पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"तुम्ही."

पिशवीतून त्यांनी सोल्डरिंगचं सामान काढलं, मी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून वीज दिली. तो जोड कापून त्यांनी नवा केला. तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत. मीटर लावून आकडा स्वतः वाचला, मला विचारलंही नाही. सगळं आवरून मीटरच्या कव्हरची नाडी बांधली आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. आता कानउघाडणी होणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमचे केस कधी पांढरे झाले हो?"

मी काहीतरी गमतीचं उत्तर देणार होतो. पण त्यांनी हात पुढे करून माझ्या कानावरचे केस दोन बोटांत धरले, अगदी हलके.