ढकललं की उघडलं पाहिजे

बापट मॅडम सकाळी कामावर आल्या की आधी खुर्चीत बसत नसत. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून त्या प्रत्येक मजल्यावर मागच्या बाजूला जात आणि आग लागली तर बाहेर पडायचं जे दार असतं, ते तळहातानं ढकलून बघत. दार उघडलं आणि पलीकडचा जिना मोकळा दिसला की पुढचा मजला. "ढकललं की उघडलं पाहिजे," त्या म्हणत. "विनवण्या केल्यावर हलतो तो जावई. दार नव्हे."

हडपसरमधल्या एका व्यापारी इमारतीच्या त्या व्यवस्थापक होत्या. मी दिग्रसहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीला त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली. "बी.कॉम. आहात, ते दिसलं. इथून खाली जायचे रस्ते किती?" मी म्हटलं, मला फक्त लिफ्ट माहीत आहे. "मग बघून या. मी थांबते." मी बघून आलो आणि कामाला लागलो. त्या मला "अहो राठोड" म्हणत. माझ्या वडिलांनाही कधी कुणी अहो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर मोहनशेठचं साड्यांचं दुकान होतं. इमारत त्यांच्याच वडिलोपार्जित शेतावर उभी, त्यामुळे गाळेधारकांच्या समितीचे अध्यक्षही तेच. दुकानामागच्या खोलीत काही बायका साड्यांना फॉल-बिडिंग करत. पुढे दुकानात धूर झाला तर त्यांना मागच्या दाराशिवाय वाट नव्हती. मॅडम रोज दुपारी डबा त्यांच्यात बसून खात.

अग्निसुरक्षेच्या तपासणीचं पत्र आलं आणि आमची धावपळ सुरू झाली. सिलिंडर भरून आणले, पाण्याचे पाइप जोडून पाहिले, अंधारात दिसणारे बाण लावले. मोहनशेठनी जिन्यात रचलेली साड्यांची खोकी मॅडमनी हलवायला लावली. त्यानंतर एका सकाळी त्यांनी दुसऱ्या मजल्याचं दार ढकललं, तर ते बोटभर उघडून अडलं. आम्ही खालून वळसा घालून जिन्यानं वर गेलो. दाराला चिकटून संगमरवरी देव्हारा, आत गणपती, वर पितळी घंटा. मागे पडदा, आणि पडद्याआड तीच खोकी.

कसबा गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय मॅडम चहासुद्धा घेत नसत. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. मग मोहनशेठना बोलावलं.

"देव हाय तो, मॅडम. हात लावायचा न्हाई."

"देवाला मी ओळखते, मोहनशेठ. मागच्या खोक्यांशी ओळख नाही."

"उद्या कोप झाला म्हंजे?"

"दाराआड बायका बसतात. त्या होरपळल्या तर त्याला काय म्हणायचं, प्रसाद?"

दुसऱ्या दिवशी त्या रेशमी साडी नेसून, दूर्वा-फुलांचं तबक घेऊन आल्या. स्वतः उत्तरपूजा केली, मूर्ती दोन्ही हातांत धरून खाली प्रवेशद्वाराशी फळीवर बसवली आणि हमालांकरवी देव्हारा हलवला. तपासणी निर्वेध झाली. प्रमाणपत्र हातात धरून मोहनशेठनी फोटो काढून घेतला.

त्या महिन्यात दुकानाचा धंदा थंड होता. "देव हलवला ना," एवढंच मोहनशेठ येईल त्याला सांगत राहिले. बाकीचं काम लोकांनी केलं. एका दुपारी मॅडम डबा घेऊन गेल्या, तेव्हा फॉल लावणाऱ्या शेवंताबाईंनी सतरंजी आवरून घेतली. "राग नका मानू, मॅडम. घरी लेकरं हायेत." मॅडम डबा तसाच घेऊन वर आल्या.

लवकरच समितीनं त्यांना "आता विश्रांती घ्या" असं सुचवलं. निरोपाला शाल दिली, नारळ दिला आणि खालच्या फळीवरचा तो गणपतीही दिला.

"मग वर दाराशी कोण बसणार?" मॅडमनी विचारलं.

"मोठी मूर्ती आणलीय, मॅडम. जयपूरची."

त्यांनी गणपती शालीत गुंडाळला. "चला बाप्पा. आपल्या दोघांनाही काढलं."

पुढच्या तपासणीला मी अग्निशमनच्या साहेबांबरोबर मागच्या जिन्यानं वर चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर, दाराशी परत आलेल्या देव्हाऱ्यापुढे ते थांबले. मी म्हटलं, "साहेब, हे दार उघडत नाही." त्यांनी ऐकलं. मग बूट काढले, हात जोडले आणि मोहनशेठच्या हातून पेढा घेतला. प्रमाणपत्र आलं.

मी नारायण पेठेत मॅडमच्या घरी जाऊन हे सांगितलं. "बूट काढले ना? मग संपलं," त्या म्हणाल्या. "देवळात कोणी तपासणी करत नाही." मग म्हणाल्या, "बायका बऱ्या आहेत?" त्यानंतर मी कधीही गेलो की त्या एवढंच विचारत.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. मोहनशेठ वैकुंठ स्मशानभूमीत आले होते. "कडक बाई," ते मला म्हणाले, "पण धार्मिक हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून प्रत्येक मजल्यावर गेलो. दुसऱ्या मजल्यावर दुकानातून मागच्या खोलीत शिरलो. बायका माना खाली घालून टाके घालत होत्या. मी तळहातानं दार ढकललं. ते बोटभर हललं आणि संगमरवरावर आपटलं. पलीकडे घंटा वाजली.

शेवंताबाईंनी सुई साडीत टोचून ठेवली आणि वर न बघता हात जोडले. मग बाकीच्यांनीही.