निळा कोपरा
काल मोगऱ्याची कुंडी उकरताना मातीतून दुधाच्या पिशवीचा निळा, तिकोनी तुकडा वर आला आणि आमच्या सोसायटीतला कचरा गोळा करणाऱ्या मावशी आठवल्या. ओल्या कचऱ्याचं खत त्या आवारातल्याच खड्ड्यात करायच्या. तेच आमच्या कुंड्यांत पडायचं. एका सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि तळहात पुढे केला. त्यावर कात्रीने कापलेले, आंबूस वासाचे कितीतरी निळे कोपरे होते. "आमचेच कशावरून?" मी फटकन विचारलं. "म्हशीच्या दुधाची ही निळी पिशवी बिल्डिंगीत तुम्हीच घेता, ताई," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिशवीला नुसती चीर द्या, कोपरा तोडू नका. पिशवी उचलता येते, ह्ये तुकडे खतात एकेक हुडकावे लागतात." त्यांच्या नखांत काळं खत भरलं होतं. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चीर देऊ लागले, पण त्यांची माफी मागायची राहूनच गेली. मावशींना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या नजरेतून सुटलेला तो तुकडा मी नळाखाली धरला. माती वाहून गेली. निळा रंग जराही उतरला नव्हता.