गुडघ्याचं तेल

आज सकाळी गुडघ्याला दुखण्यावरचं तेल चोळत होतो, आणि त्या उग्र, गोडसर वासासरशी लकडगंजचं जुनं स्केटिंगचं मैदान डोळ्यांसमोर आलं. हिवाळ्यातली संध्याकाळ होती. मी स्वतः जोडलेली रिमोटची शर्यतीची गाडी थंडगार सिमेंटवर प्रत्येक वळणाला घसरत होती. स्पर्धेची शेवटची फेरी तेवढी उरली होती.

बाबांनी खिशातून आपल्या तेलाची बाटली काढली. "यानं माह्या गुडघ्याच्या पट्ट्याचं रबर चिकट होते. टायरले लावून बघ."

"अन् तुमच्या गुडघ्याले?"

"मले कुठं पळाचं आहे गा?"

बाटली रिकामी झाली. गाडी जमिनीला धरून, स्वप्नातल्यासारखी वळत गेली. मी फक्त तिच्याकडे पाहत होतो.

आज तेल मुरेपर्यंत बसून राहिलो, तेव्हा कुठे मला त्या मैदानाच्या कठड्याला धरून, एका पायावर भार टाकून उभे असलेले बाबा दिसले.