आईची नारिंगी कानशिलं

आईने केस रंगवले तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पप्पांनी कारखान्यांच्या गेटवर वाटून उरलेली पत्रकं हेच माझं पहिलं पुस्तक, त्यामुळे ‘ग गणपतीचा’ शिकायच्या आधी मी ‘ग गेटसभेचा’ शिकले. कष्ट करणाऱ्या बाईने वय लपवावं हे माझ्या तत्त्वात बसेना. आईला तत्त्वाची घाई नव्हती. तिला महिनाअखेरच्या सोमवारची घाई होती.

त्या सोमवारी नवा ठेकेदार येणार होता. आई तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, ठेक्यावर. ठेका बदलला की जुन्या बायकांना गेटबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली उभं करतात आणि नव्या ठेकेदाराचा माणूस बोट दाखवत जातो: ही, ही, ती नको. वर्षानुवर्षं पोती शिवलेल्या हातांची परीक्षा डोक्यावरून होते. मागच्या वेळी ‘ती नको’ झालेल्या सगळ्या बायका पांढऱ्या केसांच्या होत्या. कुणी तसं तोंडाने बोललं नाही, पण बायकांना कळलं. मी वाट बघत होते की आता या चिडतील, एकत्र येतील. त्या एकत्र आल्या, बेटेगावच्या दुकानात, आणि हेअर कलरची पाकिटं घेऊन गेल्या.

आईनेही एक आणलं. काळा रंग बूटपॉलिशसारखा दिसतो म्हणून ‘नॅचरल ब्राऊन’. पाकिटावरची बाई गुलाबी ओठांनी हसत होती. तिला पोती शिवायची नव्हती. पाकिटावर तीस मिनिटं लिहिलं होतं, आईने दीड तास ठेवला, पक्का बसावा म्हणून. खांद्यावर आणि फरशीवर डाग नकोत म्हणून पप्पांची जुनी पत्रकं अंथरली. ‘कामगारांनो, जागे व्हा’वर तपकिरी थेंब पडत होते. पप्पा पूर्ण टकले असल्यामुळे या लढ्यात तटस्थ होते.

दोन दिवस केस छान दिसले. मग आईने आमच्या बोअरच्या पाण्याने डोकं धुतलं. त्या पाण्यात लोखंड इतकं की आमच्या पांढऱ्या बादलीला आतून गंजाची रेघ आहे. तिसऱ्या धुण्याला कानशिलं पेटली. पांढऱ्या केसांवर आधी वर्षानुवर्षं मेंदी, त्यावर हा ब्राऊन, त्यावर ते पाणी. ब्राऊन उतरत गेला आणि खालचा नारिंगी वर आला, घासलेल्या पितळी तांब्यासारखा. आधी तिचे केस नुसते मेंदीचे दिसत होते. आता ते पांढरे होते आणि लपवले होते, हे दोन्ही लांबून दिसायला लागलं.

गंमत अशी की शनिवारी केळव्याच्या समुद्रावर मुंबईहून ज्या मुली येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचे केस याच रंगाचे असतात. त्या तो मुद्दाम करून घेतात आणि त्याला कॉपर म्हणतात. पॅकिंगवाल्या बाईच्या डोक्यावर तोच रंग आला की त्याचं नाव होतं म्हातारी.

उपाय सुचवला शेजारच्या मावशीने. ही मूळची इथल्याच समुद्रकाठच्या दांडी गावची, आईबरोबर त्याच पॅकिंगमध्ये, पण मागची निवड होऊन गेल्यावर लागलेली. ऐन तिशीत हिचे केस पांढरे झाले, आणि तिने त्यांना कधी मेंदीसुद्धा लावली नाही.

“अगो, पांढऱ्या कपड्याचा पिवलेपणा कशान जाते?” तिने विचारलं.

“निळीने,” आई म्हणाली.

“मंग? केस काय येगलं हाय?”

मला हसू आलं, पण दोघी गंभीर होत्या. आईने अर्धी बादली पाणी घेतलं, त्यात कपड्यांची नीळ ओतली, अंदाजाने, म्हणजे भरपूर, आणि डोकं बुडवलं. केस वाळले तेव्हा नारिंगी मळकट झाला होता, आणि जिथे केस पिवळट पांढरे होते तिथे हिरवट झाक आली होती. कैरीच्या सालीसारखी. कपाळावर एक निळा ओघळ. मावशीने एक बट उचलून उजेडात धरली.

“आता पिवला तरी नाय,” ती म्हणाली.

आईने पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. “सोमवारी मी जाणारच नाय,” म्हणाली. शनिवार होता. माझ्याकडे त्या वेळी बोलण्यासारखं पुष्कळ होतं, ठेकेदारीवर, वयावर, बाईच्या देहाकडे बघणाऱ्या नजरेवर. त्यातलं केसांना लावता येण्यासारखं काहीच नव्हतं. मी गुमान तिला रिक्षात घातलं आणि बोईसरला पार्लरमध्ये नेलं.

पार्लरवालीने पदर बाजूला केला आणि खुर्चीचा आधार घेऊन हसली. “मेंदी, त्यावर पाकीट, त्यावर नीळ! काकू, होळीला अजून वेळ आहे.”

आई रडायच्या बेतात आली तशी ती कामाला लागली. “शेजारीण हुशार आहे तुमची. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा. पण निळीला माप नसतं आणि ती कपड्यांची असते.” तिने खास शाम्पूने दोनदा धुतलं, राखी छटेचा गडद ब्राऊन कालवला आणि घड्याळ लावलं. शेवटचं पाणी पिण्याच्या जारमधलं वापरलं. “घरीसुद्धा शेवटचा तांब्या फिल्टरचा. गरम पाणी नको. आठवड्यातून एकदा निळा शाम्पू, जास्त नाही. पुढच्या वेळी फक्त मुळांना लावायचं, आणि पाकीट तीस मिनिटं म्हणतं तर तीसच. आणि मेंदी बंद.”

कारण, दोषी आणि उपाय इतक्या थोड्या शब्दांत सांगणारं एकही पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही.

सोमवारी मी आईबरोबर गेले. पिशवीत पत्रकं होती, ठेकेदारी बंद करा वगैरे. आईने रस्त्यातच सांगितलं, “मला आत घेईपर्यंत ती पिशवी उघडलीस तर घरी येऊ नको.” मी उघडली नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण उघडली नाही.

ठेकेदाराचा माणूस पन्नाशीचा असेल. त्याने मिशी रंगवली होती, आणि ती दोन्ही टोकांना भडक नारिंगी झाली होती. हा माणूस वयं तपासायला आला होता. आईकडे बघून तो म्हणाला, “आंटी, आगे.” आई पुढे गेली. मावशीची पाळी आली.

“आप रहने दो, अम्मा. घर पे आराम करो.”

“अम्मा कोनाला बोलतो रं?” मावशी म्हणाली.

तो पुढच्या बाईकडे वळला होता. आई गेटाच्या आत पाऊल टाकणार होती. ती थांबली, माघारी आली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, “ये मेरेसे तीन साल छोटी हाय. मेरा बाल रंगाया है, इसका नाय. बस, इतनाच फरक.”

मला वाटलं, गेली आईची नोकरी. मग मागून कुणीतरी म्हणालं, “मूछ का भी बोलो ना, भाऊ!” आणि बायका अशा हसल्या की वॉचमनसुद्धा खोकला काढून तोंड फिरवू लागला. माणसाचा हात आपोआप मिशीकडे गेला.

“ठीक है, ठीक है,” तो मावशीच्या केसांकडे बोट दाखवत म्हणाला. “कल इसको काला करके लाओ.”

आई आत गेली. हा विजय होता की काय होतं ते मला अजून ठरवता येत नाही.

संध्याकाळी मावशी पाकीट घेऊन आमच्या ओट्यावर आली. मला खात्री होती, ही पांढऱ्या केसांची बाई तरी नकार देईल.

“तुज्या पत्रकात काय लिवलंय यावर?” तिने विचारलं.

“लावू नको, असं.”

“मंग माज्या जागी पोती शिवाला तू येशील?”

मी रंग कालवला. घड्याळ लावून तीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही, शेवटचा तांब्या फिल्टरचा. मेंदी कधी लागली नव्हती, म्हणून रंग एकसारखा बसला. नारिंगी नाही, हिरवट नाही. माझ्या हातून इतकं बिनचूक काम क्वचितच झालं असेल, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिला आत घेतलं. तो माणूस फोनवर बोलत होता. त्याने तिच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

आता दर महिन्याला तिची मुळं पांढरी दिसू लागली की ती येऊन ओट्यावर बसते. मी दर वेळी विचारते, “मावशी, या वेळी राहू देऊया का?”

“ठेका परत कवा बदलते ते तू मला सांग,” ती म्हणते, “मंग मी सांगते.” आणि डोकं पुढे करते.