आंब्याखालची जागा

तुमच्या नगरपालिकेने कधी तुमची सावली मोटारींना दिली आहे? फिजीतल्या आमच्या गावात देणारच होती. आंब्याखाली अननस विकणाऱ्या वासेमाथाच्या जागेवर आराखड्यात पार्किंग आलं होतं. भर सभेत ती तणतणत उठली, पण रीतीप्रमाणे, ज्यांचं मानाचं पेय करतात त्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी नव्या साहेबापुढे, इलाइतियापुढे ठेवून मागणं मांडू लागली. गडी असा खूश झाला की पुरतं न ऐकताच त्याने जुडी उचलली.

"उचललीस! म्हणजे मागणं कबूल!" वासेमाथा गरजली.

"पण मावशी, मागितलंस काय?"

"आंबा, बाळा, सावलीसकट! आणि आम्हा बायकांना बसायला ओटे."

सभा खदखदून हसली. उचललेली जुडी परत करणं इलाइतियाच्या बापालाही जमलं नसतं. ओटे झालेत. या, अननस घ्या, पण गाडी लांब लावा.